बाजूला बसले ते वर्ष

"माई, मला अडचण आलीय," मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाले.

माझ्या सासूबाई रवा चाळत होत्या, त्यांची चाळणी थांबली. कालच पुण्याहून आलेली माझी धाकटी जाऊ वृंदा फुलोऱ्याच्या करंज्या कातत होती, तिचा हात थांबला. मागच्या दारात पेपर वाचत बसलेले आमचे हे, शशिकांत, त्यांनी पेपर खाली घेतला.

"आज?" माई म्हणाल्या.

"आत्ताच."

"संध्याकाळी महालक्ष्म्या यायच्यात, हेमा."

"हो ना."

"गोळ्या घेतल्या नव्हत्यास?"

"विसरले."

"तू? विसरलीस?" हे म्हणाले. देवघरातला नंदी बोलायला लागला असता तरी यांना एवढं नवल वाटलं नसतं. आमच्या घरात विसरायचा मक्ता बाकी सगळ्यांकडे होता आणि लक्षात ठेवायचा माझ्या एकटीकडे.

माईंनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग म्हणाल्या, "बरं. चटई घे आणि मागच्या खोलीत बस. कशाला शिवू नकोस."

अडचणबिडचण काही आली नव्हती. मी चक्क खोटं बोलले होते, आणि आज इतक्या वर्षांनीही मला त्याचं तसूभर वाईट वाटत नाही.

आमचं घर परभणीचं. तिकडं गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. तीन दिवसांचा सण, पण घर महिनाभर आधीपासून डोक्यावर घेतलेलं असतं. एरवी माझी पाळी आली तर माई काणाडोळा करायच्या. मी तहसील कचेरीत कारकून, दर महिन्याला कुठं कोपऱ्यात बसणार? पण महालक्ष्म्यांना तसली सूट नाही. पाळी आली की मागची खोली, चटई, घोंगडी, तांब्या-भांडं वेगळं. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं आणि मगच घरात यायचं. म्हणून तारीख जवळ असेल त्या वर्षी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घ्यायच्या. त्याही मीच लक्षात ठेवून आणायच्या. घरातल्या प्रत्येकाचं सगळं लक्षात ठेवायचं आणि वर आपल्या शरीरालाही सणाचं वेळापत्रक पाळायला लावायचं!

आणि त्या वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझी खात्याची परीक्षा होती. शेवटची संधी. नापास झाले असते तर माझी ज्येष्ठता गेली असती आणि परवा परवा लागलेली पोरं माझ्या डोक्यावर साहेब होऊन बसली असती. आधीच्या खेपेला पेपर लिहिता लिहिता मला एकदम आठवलं, आज नळ यायचा दिवस, हौदाचा कॉक कुणी उघडला असेल का? कुणीही उघडला नसणार हे मला पक्कं ठाऊक होतं. पुढचे दोन तास मी कायद्याची कलमं सोडून आता आठ दिवस पाणी कुठून आणायचं याचाच विचार करत होते. निकाल काय लागायचा तो लागला.

आमचे हे वाईट नव्हते हो. उलट अख्ख्या गल्लीत त्यांचा लौकिक होता. बायका मला म्हणायच्या, "नशीबवान आहेस, नवरा किती मदत करतो!" मदत! सांगितलेलं सगळं करायचे, खोटं कशाला बोलू. दळण आण म्हटलं की आणायचे. पण पीठ संपत आलंय हे मी बघायचं, गिरणी कधी बंद असते हे मी लक्षात ठेवायचं, गव्हात ज्वारी मिसळू देऊ नका हे मी बजावायचं. दळण घेऊन आले की दारातूनच ओरडायचे, "हेमा, हे कुठं ठेवू?" जसं काही ते पीठ घरात पहिल्यांदाच येत होतं.

तर मी चटई घेतली, पुस्तकं घोंगडीत गुंडाळली आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. दार लोटलं. खिडकीतून पेरूचं झाड दिसत होतं. घरात मुलांचा गोंधळ, भांड्यांची आदळआपट, आणि माझ्या हाताला काम नाही! मला हसूच आलं. पुस्तक उघडलं आणि पहिलं पान अगदी चवीनं वाचलं.

दुसऱ्या पानावर दार वाजलं.

"ताई," वृंदा बाहेरूनच म्हणाली, "तुम्हाला त्रास द्यायचा नाहीये. फक्त एकच. फुलोऱ्याच्या करंज्या चौदा की सोळा?"

"सोळा."

ती गेली. पाच ओळी होतात न होतात तोच हे आले.

"हेमा, महालक्ष्म्यांच्या कोठ्या माळ्यावर कुठल्या बाजूला?"

"उजव्या. जुन्या गादीच्या मागं."

"आणि शिडी?"

"जिन्याखाली. जिथं ती बारा महिने असते तिथं."

मग आमची मुक्ता. "आई, माझा घागरा?" मग पुन्हा वृंदा. "ताई, अण्णांची साखरेची गोळी जेवणाआधी की नंतर? ते म्हणतात, हेमाला विचार." मामंजी पन्नास वर्षं वकिली केलेले, पक्षकारांच्या पणज्यांची नावं सांगायचे, आणि स्वतःची गोळी हेमाला विचार! मग परत हे. "गवळ्याला जास्तीचं दूध सांगितलंयस ना? सवाष्णींना आमंत्रण गेलं का? केवडा कोण आणणारंय?"

"तुम्ही आणणार आहात," मी म्हणाले. "परवा सांगितलं होतं."

"हो का? मग आठवण करायची ना!"

सगळे दाराबाहेर अदबीनं उभे राहायचे. उंबऱ्याला पाय लागू देत नव्हते. मला शिवायचं नाही, हे प्रत्येकाला कसं अगदी बरोबर लक्षात होतं. पण विचारायला काय हरकत? हाताला विटाळ होता, डोक्याला नव्हता. माझे हात सुटले होते आणि डोकं होतं तिथंच घाण्याला जुंपलेलं होतं. उलट आधीपेक्षा जास्तच, कारण एरवी मी जी गोष्ट न बोलता उचलून आणली असती, ती आता मला बसल्या जागेवरून डबा, फळी, कोपरा, झाकणाचा रंग अशी सगळी वर्णन करून सांगावी लागत होती.

एकट्या माई काय त्या एकदाही आल्या नाहीत.

संध्याकाळी महालक्ष्म्या आल्या. वृंदानं दारापासून मुखवटे आणले, मुक्तानं ताट वाजवलं, हळदीकुंकवाची पावलं उठली. "लक्ष्मी आली कशाच्या पावलांनी?" "सोन्याच्या पावलांनी!" मी दाराच्या फटीतून बघत होते. बोळातून थेट मखर दिसायचं. यांनी मुखवटे कोठ्यांवर, म्हणजे महालक्ष्म्यांच्या पत्र्याच्या धडांवर, बसवले, साड्या नेसवून झाल्या, आणि मी फटीला डोळा लावून पुन्हा बघितलं.

मुखवट्यांची उलटापालट झाली होती.

आमच्याकडं थोरली उजव्या हाताला आणि धाकटी डाव्या हाताला. धाकटीच्या हनुवटीचा टवका उडालेला आहे, त्यावरून ओळखायचं. आता ती टवक्याची धाकटी थोरलीचा हिरवा शालू नेसून उजवीकडं ठसक्यात उभी होती. आणि एकदा अक्षता वाहून बसवल्या की विसर्जनापर्यंत महालक्ष्म्या हलवायच्या नाहीत, असा आमचा कडक रिवाज. अजून अक्षता पडायच्या होत्या. एक हाक मारली असती तर काम झालं असतं.

माझं तोंड उघडलं होतं. खरंच सांगते, शब्द जिभेवर आला होता. पण मनात आलं, हेमा, ही एक हाक मारलीस की संपलं. मग उद्या पुरणात वेलदोडा किती हेही तूच सांगायचं, आणि परवा निरोपाचे दोरे कुठं आहेत तेही तूच. हे घर तुला चटईवरूनसुद्धा हाकायला लावणार. मी ओठ गच्च दाबून धरले. अक्षता पडल्या. मी देवीला मनातल्या मनात म्हणाले, बाई, तुझं तू बघ. मला परीक्षा आहे.

दुसरा दिवस महाप्रसादाचा. सकाळपासून दारात रांग. वाचलेलं पुसलं जायचं, पुन्हा वाचायचं, पुन्हा कुणीतरी "फक्त एकच" म्हणत यायचं. एकच धडा किती वेळा सुरू केला देव जाणे. डोकं नुसतं भणभणत होतं. रडू येत होतं आणि रडायलाही वेळ नव्हता.

दुपारी पूजेला बसल्यावर मामंजींच्या लक्षात आलं. त्यांचा खणखणीत आवाज मला खोलीत ऐकू आला.

"शशी! अरे थोरली उजवीकडं हवी. ही तर धाकटी दिसतीय!"

मग एकच कल्ला उडाला. वृंदा म्हणाली, भावजींनी बसवल्या. हे म्हणाले, तू हातात दिल्यास तशा बसवल्या. हलवायच्या की नाही, गुरुजींना विचारायचं का, नैवेद्य दाखवायचा की थांबायचं. आणि मग तो मंत्र आला, ज्याची मी वाटच बघत होते.

"हेमाला विचारा!"

पावलं वाजली. हे पुढं, मागं वृंदा, तिच्या मागं मुक्ता.

"हेमा, मुखवटे उलटे बसलेत. आता काय करायचं?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही."

"बरं, मागं कधी असं झालं होतं का?"

"माहीत नाही."

"दर वर्षी तू बसवतेस आणि तुलाच माहीत नाही?" यांचा आवाज चढला. "असं कसं माहीत नाही? हे घर तुझं नाही का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून उंबऱ्यापाशी आले तशी तिघंही दोन पावलं मागं सरकली. मला शिवायची भीती!

"घर माझं आहे," मी म्हणाले. "मग तुम्ही कोण आहात? पाहुणे? लहानाचे मोठे झालात या घरात, तुमच्या आईच्या महालक्ष्म्या, तुमच्या डोळ्यांदेखत दर वर्षी उभ्या राहतात, आणि थोरली कुठली धाकटी कुठली हे बाहेरून आलेल्या बाईनं सांगायचं? कालपासून एक पान सलग वाचू दिलं नाहीत मला. एक पान!"

"वाचू म्हणजे? काय वाचायलीस?"

"परीक्षा आहे माझी. परवा."

हे अगदी मनापासून, दुखावल्यासारखे म्हणाले, "अगं, मग सांगायचंस की!"

"सांगितलं होतं. फॉर्म भरला तेव्हा सांगितलं. तारीख आली तेव्हा सांगितलं. मागच्या रविवारी पोळ्या लाटताना सांगितलं, तुम्ही हो हो म्हणालात."

"असेल गं. पण कामाच्या गडबडीत माणूस विसरतो. तू आठवण करून द्यायचीस ना!"

म्हणजे माझी परीक्षा आहे, मला अभ्यासाला सोडा, याची आठवणसुद्धा मीच ठेवायची, मीच वेळेवर करून द्यायची, आणि तीही वैतागून नाही, नीट गोड आवाजात! मी दाराला टेकून उभी राहिले आणि मला भडभडून आलं. मुलीसमोर, जावेसमोर मी घळाघळा रडले. वृंदा कावरीबावरी झाली. हे नुसतेच "अगं... अगं..." करत राहिले. जवळ येता येईना, कारण मी विटाळशी.

तेवढ्यात माई आल्या. अंगावर सोवळ्याचं रेशमी लुगडं, हाताला पुरण लागलेलं.

"काय तमाशा चालवलाय?" त्या म्हणाल्या. "मुखवटे उलटे बसलेत ना? मला कालच दिसलं. राहू दे. धाकटीला एक वर्ष थोरली होऊ दे, तिलाही कळू दे काय असतं ते. वृंदा, तू नैवेद्याची पानं मांडायला घे. शशी, तू अण्णांजवळ जाऊन बस. चल गं मुक्ता, पळ."

सगळे गेले. माई मात्र गेल्या नाहीत. त्यांनी उंबरा ओलांडला, आत आल्या, दार लावून घेतलं आणि माझ्या चटईवर माझ्या शेजारी बसल्या. मी दचकून भिंतीशी सरकले.

"माई, शिवाल! सोवळ्यात आहात!"

"शिवले," त्या म्हणाल्या आणि माझा हात हातात घेतला. पुरणाचा हात, चिकट. "गोकुळअष्टमीला तू डोक्यावरून न्हालीस. माझ्यासमोर केस वाळवत होतीस. त्याला पंधरा दिवस तरी झालेत का? या वर्षी गोळ्यांची गरजच कुठं होती तुला? मी मुद्दामच विचारलं, घेतल्या नव्हत्यास का म्हणून. तर तू लगेच म्हणालीस, विसरले."

मी कपाळाला हात लावला. सगळ्या घराच्या तारखा डोक्यात ठेवणारी मी, आणि माझी स्वतःची तारीख तेवढी माझ्या ध्यानात राहिली नव्हती.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. "महालक्ष्म्यांच्या दिवशी खोटं बोलले मी."

"बोललीस खरी." माई पदरानं घाम पुसत म्हणाल्या. "मी पण बसायचे या खोलीत. माझी सासू काय कडक होती, तुला सांगून खरं वाटणार नाही. पण तीन दिवस मला कुणी हाक मारत नसे. विचारायचं ते तिला विचारायचे. मी इथं पडून राहायचे. त्या पेरूवर पोपट यायचे ते बघायचे. पुढं सासू गेली आणि मी बाजूला बसले तरी सगळे दारात यायला लागले. तुझ्यासारखंच. तरी मी पडून राहायचे, निदान हाताला तरी विसावा."

बाहेर मामंजींची पूजा पुन्हा सुरू झाली होती.

"माझी पाळी गेली ना, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. तुझे मामंजी म्हणाले, चला, आता देवाधर्माला अडचण नाही. शेजारच्या बायका म्हणाल्या, सुटलात हो. आणि मी, हेमा, न्हाणीघरात जाऊन रडले. महिन्याकाठी ते तीन दिवस तेवढे माझे होते, तेही गेले. कुणाला सांगणार? लोक म्हणाले असते, म्हातारीला वेड लागलं."

इतकी वर्षं एका घरात राहिलो आम्ही. मी त्यांना कडक सासू समजत होते आणि मनातल्या मनात बोटं मोडत होते. कधी त्यांना विचारलं नव्हतं की माई, तुम्ही दमता का? मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. सोवळ्याच्या लुगड्यावर. त्यांनी काही ठेवू नको म्हटलं नाही.

"किती राहिलंय वाचायचं?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"सगळंच."

"मग वाच. रडायला पुढं वर्ष पडलंय."

त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, दार उघडून गेल्या. मी कान देऊन बसले. आता न्हाणीघरात जातील, डोक्यावरून पाणी घेतील, दुसरं लुगडं नेसतील. बादलीचा आवाज काही आला नाही. पुरणयंत्राची दांडी फिरायला लागली तेव्हा कळलं, त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या होत्या आणि महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला हात घालून बसल्या होत्या.

परीक्षेत मी पास झाले, काठावर का होईना. पण तो निकाल पुढं दोन महिन्यांनी लागला. त्या दुपारी मी पुस्तक उघडून नुसती बसले होते, इतक्यात बोळातून यांचा आवाज आला. हळू आवाजात, जरा अपराध्यासारखा. माझ्या दाराकडं न येता ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

"माई, सवाष्णींच्या ओट्या भरायच्यात. खण-नारळ कुठं ठेवलेत? हेमाला आता विचारत नाही मी. तूच सांग."

पुरणयंत्र थांबलं.

"मला माहीत नाही," माई म्हणाल्या.

"आँ? तुलाही माहीत नाही?"

"नाही रे बाबा. मलाही काही माहीत नाही."

पुरणयंत्र पुन्हा फिरायला लागलं. मग कुठलंसं कपाट उघडल्याचा आवाज आला. मग दुसरं. डबे सरकले, फळीवरून काहीतरी खाली पडलं, वृंदा म्हणाली, "भावजी, तिकडं नाही, त्या पेटीत बघा." हे म्हणाले, "थांब, बघतो."

शोधायला लागले होते.